सोळाच्या दोन, एकाच पाकिटातल्या

पत्र

दादा, देवगड तालुक्यातल्या एका गावात माझा आणि भावाचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी आणि हल्ली समुद्रावरची प्री-वेडिंग. कॅमेरा आणि ड्रोन दोन्हींचं शूटिंग फोर-के असतं. अल्बमही आम्हीच डिझाइन करतो. लॅपटॉपने आता मान टाकलीय, म्हणून डेस्कटॉप जुळवायचा ठरवलाय. मुंबईच्या मावसभावाने आय५-१२४०० प्रोसेसर आणि बी७६० चिपसेटचा, रॅमच्या चार स्लॉटचा डीडीआर४ मदरबोर्ड पाठवलाय. ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही. रॅम मी घ्यायची आहे आणि तिथेच घोडं अडलंय. मावसभाव म्हणतो, सरळ चौसष्ट जीबी घाल. कणकवलीचा दुकानदार म्हणतो, ‘ताई, सोळाची एकच घाला, बाकीचे स्लॉट मोकळे ऱ्हवांदेत, मगे बघूया.’ भाऊ म्हणतो, जुन्या पीसीतली आठची पडून आहे ती लाव आणि जोडीला नवी डीडीआर५ घे, ती फास्ट असते. कोणाचं ऐकू? आमच्याकडे बसवून द्यायला माणूस बोलावला तर तो कधी उगवेल याचा नेम नाही. मी स्वतः बसवू शकेन का? आणि आमच्या खाऱ्या हवेत ती टिकेल ना?

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

ताई, तिघांपैकी भावाचा सल्ला आधी निकालात काढू. डीडीआर५ तुमच्या बोर्डात बसणारच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या लागोपाठच्या दोन पिढ्या. दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही तीच, त्यामुळे ऑनलाइन फोटोत त्या जुळ्या बहिणी वाटतात. पण खालच्या सोनेरी पट्टीतली खाच दोन्हींत वेगळ्या जागी असते, व्होल्टेज वेगळं (डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१) आणि आतली जोडणीही वेगळी. तुमचा प्रोसेसर दोन्ही चालवू शकतो हे खरं. पण बोर्ड एकाच जातीचा असतो, आणि तुमचा डीडीआर४ चा आहे. जोर करून बसवायला गेलात तर स्लॉट जाईल, रॅमही जाईल. डीडीआर५ साठी बोर्ड बदलू का, असं पुढचं पत्र पाठवू नका. १२४०० वर तुमच्या कामात जो फरक पडेल त्यासाठी नव्या बोर्डाचा खर्च मी करणार नाही.

आता किती, हा प्रश्न. मुंबईचे मावसभाव खर्च दुसऱ्याचा असला की सढळ असतात, पण इथे तो अगदीच चुकीचं बोलत नाही. फक्त एक पायरी वर जाऊन बोलतोय. तुम्हाला ३२ जीबी हवी. का, ते तुमच्याच कामातून दाखवतो.

तुम्ही १२ बाय ३६ इंचाची अल्बम शीट ३०० डीपीआयवर उघडता. म्हणजे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, एकूण जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट धरले तर नुसता मागचा एक लेयर ११७ एमबीच्या आसपास जातो. त्यावर नवरा-नवरीचे आठ-दहा फोटो, मास्क, सावल्या, फुलांची चौकट घातली की एक शीट बघता बघता जीबीच्या पलीकडे जाते. वर ‘अनडू’साठी फोटोशॉप मागच्या पायऱ्या धरून ठेवतं ते वेगळंच. शेवटी सेव्ह केलेली जेपेग फाइल काही एमबींचीच दिसते, म्हणून लोकांना वाटतं एवढ्याशा फाइलला कसली रॅम लागते. डिस्कवर ती दाबून ठेवलेली असते. काम करताना ती पूर्ण उलगडून रॅममध्ये मांडावी लागते.

व्हिडिओचंही तेच. फोर-केची एक फ्रेम ३,८४० बाय २,१६० पिक्सेलची. उलगडल्यावर पिक्सेलमागे चार बाइट धरले तर ३३ एमबी. सेकंदाला अशा २५, म्हणजे एका सेकंदाचे ८०० एमबींहून जास्त. एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुढच्या-मागच्या फ्रेम हाताशी ठेवतं, तेव्हा कुठे टाइमलाइन न अडखळता सरकते. प्रीमिअर प्रो बनवणारी अ‍ॅडोबी कंपनी स्वतःच एचडीसाठी १६ आणि फोर-केसाठी ३२ जीबी किंवा जास्त सांगते. त्यात तुम्ही ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, तुमच्याच रॅममधून लागेल तसा वाटा उचलतं. १६ जीबी लावलीत आणि एका बाजूला प्रीमिअर, दुसऱ्या बाजूला फोटोशॉप, मध्ये ब्राउझरवर गाणं शोधणं असं सुरू झालं की पहिल्याच लग्नाला विंडोज एसएसडी डिस्कवर माल काढून ठेवायला लागेल. मशीन बंद पडणार नाही, पण प्रत्येक क्लिकला विचार करेल.

६४ कधी? तासाभराच्या फिल्ममध्ये खूप इफेक्ट, आफ्टर इफेक्ट्ससारखं मोशन ग्राफिक्सचं काम, किंवा एकाच वेळी दोन-तीन प्रोजेक्ट उघडी, असं असेल तर. खात्री करायची असेल तर सीझनमधल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. तिथे ‘कमिटेड’ नावाचा आकडा दिसतो. एक्सपोर्ट चालू असताना तो पंचवीस जीबीच्या आत खेळत असेल तर ३२ पुरेशी झाली. चाळीसच्या वर जात असेल तर मावसभावाला फोन करून शाबासकी द्या.

आता दुकानदाराकडे येऊ. त्याच्या बोलण्यात लबाडी नाही. मध्यंतरी रॅमचे भाव उतरत होते, तेव्हा ‘आता एक घ्या, दुसरी स्वस्त झाल्यावर घाला’ हे शहाणपणाचंच होतं. पण २०२५ च्या अखेरीपासून गणित उलटलंय. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप इतक्या ओढल्या की घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात डीडीआर४ जुनी पिढी, मोठ्या कारखान्यांनी तिचं उत्पादन आवरतं घ्यायला सुरुवात केलीय. ‘मगे बघूया’ म्हणून थांबलात तर मगे ती स्वस्त मिळेल याची हमी कोणी देणार नाही, आणि तीच मिळेल याची तर नाहीच.

हे ‘तीच’ प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण माझ्या मते रॅम घेताना यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. तुमच्या प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन मार्ग आहेत, त्यांना चॅनल म्हणतात. ३२०० वेगाची एक स्टिक, म्हणजे रॅमचा एक नग, एका चॅनलवर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल हलवते. तशाच दोन स्टिक दोन चॅनलवर टाकल्या की ५१.२. जीबी तेवढीच ठेवून, म्हणजे एक ३२ च्या ऐवजी दोन १६ लावूनही, हा रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला हा फरक कमी जाणवतो. तुमच्यासारखं सगळं ग्राफिक्स याच रस्त्याने जाणार असेल तर टाइमलाइनवर तो डोळ्यांना दिसतो. दुकानदाराचं ऐकून एकच लावलीत तर अर्धा रस्ता बंद ठेवून गाडी चालवल्यासारखं होईल.

मग एक आता आणि तशीच दुसरी सहा महिन्यांनी? चालूही शकेल. पण रॅम कंपन्या एकाच नावाखाली, एकाच मॉडेल नंबरखाली आतल्या चिप बदलत असतात. यंदा सॅमसंगच्या, पुढच्या खेपेला हायनिक्सच्या. वरचं स्टिकर तेच. अशा दोन एकत्र आल्या की बहुतेक वेळा जमतं, आणि ज्या वेळी जमत नाही त्या वेळी मशीन ऐन एक्सपोर्टमध्ये निळा पडदा दाखवतं आणि दोष कोणाचा ते महिनाभर सापडत नाही. म्हणून एका पाकिटात दोन असलेलं ‘किट’ घ्या. कंपनीने त्या दोन एकत्र चालतात हे बघून पाकिटात घातलेल्या असतात. तुमच्यासाठी: डीडीआर४, १६ जीबीच्या दोन, एकाच किटमधल्या. पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेटच्या काचा आणि पंख्यांचे दिवे कमी करा, रॅम कमी करू नका.

जुनी आठची या जोडीत घुसवू नका. ती पाच-सात वर्षांपूर्वीची असेल तर बहुधा २४०० किंवा २६६६ ची असणार. ती लावली की सगळ्या नव्या स्टिकही तेवढ्यावरच उतरतात, कारण सगळ्यांना सर्वात हळू असलेलीच्या चालीने चालावं लागतं. ३२ चे ४० होतील, आणि त्या आठासाठी बाकीच्या बत्तीसची चाल जाईल. तिला जुन्याच पीसीत राहू द्या, बिलं करायला तो उपयोगी पडेल.

वेगाबद्दल थोडक्यात. १२४०० ला डीडीआर४ मध्ये ३२०० चा वेग अधिकृत आहे. ३६०० च्या नादी लागू नका. ज्यांच्या नावापुढे ‘के’ नाही अशा या पिढीतल्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचं एक व्होल्टेज कुलूपबंद असतं, त्यामुळे ३६०० कुणाकडे सुरळीत चालते, कुणाकडे कुरकुरते. ३२०० मध्येही दोन प्रकार मिळतील. एक साधी: सीएल २२, व्होल्टेज १.२. ती लावली की आपोआप ३२०० वर चालते. दुसरी सीएल १६, व्होल्टेज १.३५. तिला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन सेटिंग चालू करावं लागतं. सीएल म्हणजे माल मागितल्यापासून हाती यायला लागणारी टिकटिक. ३२०० वर सीएल २२ ला पावणेचौदा नॅनोसेकंद, सीएल १६ ला दहा. एडिटिंगमध्ये हा फरक थोडासाच. दोघींच्या किमतीत थोडकंच अंतर असेल तर सीएल १६ घ्या, जास्त असेल तर साधी घेऊन निवांत झोपा. रंगीत दिव्यांची अजिबात नको. दिवे एडिटिंग करत नाहीत, आणि उंच हीटसिंकवाली (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पत्र्याची) स्टिक मोठ्या कूलरखाली अडकते ती डोकेदुखी वेगळी.

ब्रँडबद्दल मला फार विचारू नका. जगातल्या बहुतेक चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येतात. कॉर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन, एडेटा ही मंडळी त्या घेऊन स्टिक बनवतात. नावापेक्षा बोर्डाच्या वेबसाइटवरची ‘मेमरी सपोर्ट’ यादी महत्त्वाची. आपल्या बोर्डाचं पूर्ण नाव टाकून ती उघडा आणि घेत असलेल्या किटचा मॉडेल नंबर त्यात शोधा. यादीत नसली म्हणजे चालणार नाही असं नाही, पण असली तर एक काळजी कमी.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मावसभावामार्फत करा, कोल्हापुरातून करा, कणकवलीच्या त्याच दुकानदाराकडून मागवा किंवा ऑनलाइन. कणकवलीत दर थोडा जास्त पडला तरी मी त्याच्याकडे कल दाखवीन, कारण बदलून घ्यायची वेळ आली तर एसटीने जाऊन येता येतं. कुठूनही घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतात कोण देतं हे पैसे देण्याआधी विचारा. तीन फसव्या गोष्टींवर नजर ठेवा. लॅपटॉपची रॅम निम्म्या लांबीची असते आणि तिला २६० पिना असतात. ऑनलाइन फोटो मोठा करून दाखवला की ती ओळखू येत नाही आणि लोक तीच मागवून बसतात. दुसरी सर्व्हरची. जुन्या सर्व्हरमधून काढलेली डीडीआर४ स्वस्त मिळते, तुमच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतेसुद्धा, पण मशीन चालू होत नाही. लेबलवर ‘पीसी४’ ने सुरू होणारा नंबर असतो, त्यात वेगाच्या आकड्यानंतर ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, ‘यू’ असेल तर आपली. तिसरी जुनी, भिजलेली. आपल्याकडे पुराचं पाणी दुकानात-घरात शिरणं नवीन नाही. जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. धुऊन वाळवलेली स्टिक वरून चकचकीत दिसते. सेकंडहँड घ्यायचीच असेल तर उजेडात तिरपी धरून चिपच्या कडांना पांढरट किंवा हिरवट थर आहे का बघा. असेल तर फुकट मिळाली तरी नको.

बसवण्याबद्दल: हो, तुम्हीच बसवा. ज्या हातांनी तुम्ही ड्रोनचे पंखे बदलता त्या हातांना हे काम कठीण नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रू करण्याआधीच रॅम लावा. बोर्ड ज्या खोक्यातून आला त्या खोक्यावर तो आडवा ठेवा, खाली पुरेसा आधार मिळतो आणि स्लॉट नीट दिसतात. उद्या कॅबिनेटमध्ये असताना रॅम काढायची वेळ आली तर मात्र आधी पॉवर सप्लायचं बटण बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर, मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. काही जण सांगतात, अर्थिंगसाठी प्लग लावूनच ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेच्या मागे अर्थिंगची वायर आहे की नाही हेच कोणाला माहीत नसतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायरमनला बोलवा. ते रॅमपेक्षा तातडीचं काम आहे.

स्थिर विजेची भीती आपल्याकडे कोरड्या गावांएवढी नाही, दमट हवेत ती फारशी साचत नाही. तरी रॅमला हात लावण्याआधी एखाद्या जमिनीला टेकलेल्या धातूला हात लावून घ्या. नायलॉनची साडी किंवा ओढणी त्या दिवशी नको. आपला खरा शत्रू घाम. मे महिन्यात बसवणार असाल तर हात धुऊन कोरडे करा आणि स्टिक फक्त दोन टोकांनी धरा. सोनेरी पट्टीला बोट लागू देऊ नका, घामातलं मीठ तिथेच राहतं.

चार स्लॉट आहेत, त्यातले कोणते? प्रोसेसरकडून मोजायला सुरुवात करा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. दुसऱ्यात आणि चौथ्यात लावायची. बोर्डावर बारीक अक्षरांत ‘ए२’ आणि ‘बी२’ लिहिलेलं असतं. एकाला लागून एक अशा पहिल्या दोनात लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि किट घेण्याचा सगळा फायदा पाण्यात. माझ्याकडे ‘नवीन मशीन स्लो आहे’ म्हणून जी येतात त्यांतल्या कितींची तरी दुरुस्ती एवढीच असते, पहिल्या स्लॉटातली स्टिक उचलून चौथ्यात.

स्लॉटच्या टोकाची चाप उघडा. काही बोर्डांवर चाप एकाच बाजूला असते, दुसरी तुटली असं समजू नका. स्टिकच्या खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर येईल अशी धरा. खाच बरोबर मध्यावर नसते, किंचित बाजूला असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. उलटी धरली असेल तर एक टोक आत आणि मध्ये उंच असं दिसेल. तिथे थांबा, फिरवा. बरोबर धरलीय याची खात्री झाली की दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि सरळ खाली दाबा. इथे सगळे घाबरतात. लागणारा जोर अपेक्षेपेक्षा जास्त असतो, बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो. एक टोक ‘टक्’ करून बसतं, मग दुसरं, आणि चाप आपोआप मिटते. शेवटी डोळे स्लॉटच्या पातळीवर आणून बघा: सोनेरी पट्टीची कड एका टोकाला जास्त दिसत असेल तर ते टोक बसलेलं नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा लगेच उजळला नाही तर घाबरून बटण दाबू नका. बोर्ड नव्या रॅमची ओळख करून घेत असतो, एक-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होऊ शकतो. काही मिनिटं द्या. मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयलाच लावली आहे ना, हेही बघा. प्रोसेसर खरंच १२४०० आहे की १२४००एफ, हे तर आधीच खोक्यावर वाचून ठेवा. ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, आणि दोष बिचाऱ्या रॅमवर जातो. तरीही काही दिसत नसेल तर प्लग काढून दोन्ही स्टिक काढा, ‘ए२’ स्लॉटात एकच लावून बघा, मग तिच्या जागी दुसरी.

चालू झालं की डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जा. सीएल १६ वालं किट घेतलं असेल तर ‘एक्सएमपी’ नावाचं सेटिंग शोधा, प्रोफाइल १ निवडा, एफ१० ने सेव्ह करा. हे केलं नाही तर ३२०० चे पैसे मोजून ती २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कोणी काही सांगत नाही. विंडोज टाकल्यावर टास्क मॅनेजरच्या त्याच ‘मेमरी’च्या पानावर वेग ३२०० आणि ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे चारांपैकी दोन दिसायला हवेत. सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मात्र १६०० च्या आसपास आकडा दिसेल. तो निम्माच दाखवतो, दुकानदाराला फोन करू नका.

खाऱ्या हवेचं. सोनेरी पट्टीवर खरंच सोनं असतं, पण मुलामा अत्यंत पातळ, खाली निकेल आणि तांबं. सोन्याला काही होत नाही, पण जिथे मुलामा झिजतो तिथून गंज शिरतो. म्हणूनच खोडरबराची मला चीड आहे. आपल्याकडे मशीन चालू होईना की पहिला इलाज: रॅम काढा, रबराने घासा, परत लावा. मशीन चालू होतं, सगळे खूश. पण बरंचसं काम नुसतं काढून-लावण्यानेच झालेलं असतं, कारण स्लॉटमधल्या पिना पट्टीवर घासल्या जातात आणि थर निघतो. रबराने वर मुलामाही थोडा निघतो आणि त्याचा भुगा स्लॉटात पडतो. पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार, पुन्हा रबर. त्यापेक्षा मेडिकलमधून किंवा ऑनलाइन आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, स्वच्छ सुती फडक्यावर थोडं घ्या, पट्टी एकाच दिशेने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखाली नको आणि जमिनीवर नको. जांभ्याच्या घरात पावसाळ्यात जमिनीची ओल वर चढते. हातभर उंच फळी पुरे. पावसाळ्यात लग्नं नसतात, स्टुडिओ आठवडेच्या आठवडे बंद राहतो, आणि मशीन तेव्हाच बिघडतात. रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, आतली ऊब ओल बसू देत नाही. फक्त विजा चमकायला लागल्या की, आणि परतीच्या पावसात तर हमखास, प्लग भिंतीतून काढायचा. यूपीएस घ्याच. रॅममधलं काम लाइट गेली की त्याच क्षणी पुसलं जातं.

सगळं झाल्यावर मेमटेस्ट८६+ हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करा आणि रात्रभर चाचणी लावून ठेवा. ३२ जीबीला एक फेरी पुरी व्हायला तास जातात. लाल अक्षरांत एकही चूक दिसली तर ‘एकच आहे ना’ म्हणून सोडू नका. तुमचं काम लग्नाचं आहे, खराब झालेलं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. चूक आली तर एक्सएमपी बंद करून परत चाचणी घ्या. तेव्हा साफ आली तर वेग झेपत नाही एवढंच. तरीही आली तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा आणि कोणती दगा देते ते लिहून ठेवा. परत करताना मात्र अख्खं पाकीट द्या, एकटी स्टिक देऊन वेगळ्या खेपेची दुसरी घेऊ नका. बदलून घ्यायची मुदत दुकानांत आणि ऑनलाइनही थोड्याच दिवसांची असते, तेव्हा ही चाचणी त्याच आठवड्यात उरका, आणि ती साफ येईपर्यंत कॅमेऱ्याचं एकही कार्ड रिकामं करू नका.